संगणक सुरू कसा होतो, आणि कां अडतो

श्रोतेहो, गोदावरीच्या उत्तरेस, छत्रपती संभाजीनगरच्या नैर्ऋत्येस गंगापूर हें तालुक्याचें गांव आहे. सन 2005 च्या सुमाराचा तेथील एक दिवस कल्पनेनें डोळ्यांपुढें आणा. 2001 सालीं एमएस-सीआयटी हा संगणक-शिक्षणाचा अभ्यासक्रम राज्यांत सुरू झाला, आणि तालुक्यातालुक्यांतून त्याचे वर्ग निघाले. अशाच एका वर्गांत भारनियमनाचे कित्येक तास संपून वीज आलेली आहे. एक विद्यार्थिनी संगणकाची कळ दाबते. आंतील पंखा फिरूं लागतो, लहानसा दिवा लागतो. पण पडदा काळाच राहतो. परीक्षा दोन दिवसांवर आलेली. ती पुन्हां कळ दाबते, पुन्हां तेंच. मग ती भीतभीतच विचारते, "सर, माझ्या हातून कांहीं बिघडलें का?"

हा प्रश्न केवळ गंगापूरचा नाहीं. शहरांतील सुशिक्षित घरांतही यंत्र अडलें म्हणजे आपण प्रथम स्वतःला दोष देतों, आणि मग घाईघाईनें नाहीं तें करून बसतों. म्हणून आज मला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, सुरू होणें हें या यंत्राच्या दिनक्रमांतील एक अतिशय बिकट काम आहे. तें कसकसें सुलभ होत गेलें याचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला यंत्र नेमकें कोठें अडलें हेंही पुष्कळदां शोधून काढतां येतें.

1946 सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं 'एनिॲक' नांवाचें गणकयंत्र जगापुढें आलें. एकर्ट व मॉक्ली या दोघांनीं रचलेल्या त्या यंत्रांत सुमारें 18,000 निर्वात नळ्या होत्या. थंड असलेली नळी एकदम तापली, किंवा तापलेली निवूं लागली, म्हणजे तिच्या आंतील तंतूवर ताण पडतो. बहुतेक नळ्या निकामी होत त्या अशाच वेळीं. हें ध्यानांत येतांच चालकांनीं तें यंत्र शक्यतों बंदच न करण्याचा परिपाठ ठेविला. सुरू करण्याचें भय इतकें, कीं रात्रंदिवस वीज जाळणें परवडलें!

आपल्या मुंबईंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत प्रा. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं तरुण मंडळींनीं 'टिफ्रॅक' हा संगणक बांधला, आणि तो 1960 सालीं कार्यान्वित झाला. त्यांत 2,700 निर्वात नळ्या, 1,700 जर्मेनियमचे डायोड आणि 12,500 रोध होते. एवढ्या पसाऱ्यांतून एखादा नादुरुस्त भाग हुडकून काढावयाचा म्हणजे मोठ्या धीराचें काम. आणि असें काम ठराविक क्रमानेंच करावें लागतें.

पुढें नळ्या गेल्या, तरी दुसरी एक अडचण उरलीच. संगणक आज्ञांवांचून कांहींच करीत नाहीं. आज्ञा त्याच्या स्मृतींत भरावयाच्या, तर त्या भरून घेण्यासाठींही त्याला आधीं एक आज्ञा हवी! आपले जुने तर्कशास्त्रज्ञ सांगत आले आहेत कीं, नट कितीही कुशल असला तरी त्याला स्वतःच्याच खांद्यावर चढतां येत नाहीं. इंग्रजी भाषेनें हीच गोष्ट आपल्याच बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःस उचलणाऱ्या माणसाच्या रूपानें सांगितली, आणि त्यावरूनच संगणक सुरू करण्याला 'बूट करणें' हें नांव पडलें.

1952 सालच्या आय.बी.एम. 701 या यंत्रावर या अडचणीसाठीं एक वेगळी कळच ठेविली होती. ती दाबली कीं कार्डावरून, फितीवरून किंवा चुंबकीय ढोलावरून पहिल्या आज्ञा आंत येत, आणि त्या पुढच्यांना ओढून घेत. परंतु 1975 सालीं हौशी लोकांसाठीं निघालेल्या 'अल्टेअर 8800' या लहान संगणकाला ही सोय नव्हती. त्याच्या दर्शनी भागावरील बटणें वर-खालीं करून पहिल्या आज्ञा हातानेंच भराव्या लागत. वीज गेली कीं त्या पुसल्या जात. वीज आली कीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ. गंगापूरच्या भारनियमनांत असें यंत्र दिवसांतून किती वेळां भरावें लागलें असतें, याचा विचारच न केलेला बरा!

यावर तोडगा निघाला तो असा कीं, वीज गेली तरी न पुसणाऱ्या एका चिपेंत पहिल्या आज्ञा कायमच्या कोरून ठेवावयाच्या. आय.बी.एम.नें 12 ऑगस्ट 1981 रोजीं जो वैयक्तिक संगणक जाहीर केला, त्यांतील ही चिप आणखी एक काम करी. ती प्रथम यंत्राचीच परीक्षा घेई, आणि निकाल बोलून दाखवी. एक लहान 'बीप' म्हणजे सर्व ठीक. पडद्यावर 201 हा आकडा आला तर दोष स्मृतीचा. 301 आला तर कळफलकाचा. पडदाच चालत नसला, तर एक लांब आणि दोन आंखूड आवाज. ज्या यंत्रांतील दोष पूर्वीं माणसांना हुडकावा लागे, तें यंत्र आतां स्वतःच 'येथें दुखतें' असें सांगूं लागलें. पुढें संकेत बदलले, प्रत्येक कारखान्याचे निराळे झाले. पण पद्धति तीच राहिली.

याच क्रमांत दुरुस्तीची रीत दडलेली आहे. आधीं वीज, मग परीक्षा, मग डिस्क, आणि शेवटीं कार्यप्रणाली. या पायऱ्यांपैकीं कोणत्या पायरीवर यंत्र थांबलें एवढेंच पाहावयाचें. दिवा नाहीं, पंखाही नाहीं, तर पुढें जाऊंच नये. भिंतींतील सॉकेट, वायर, यूपीएस, आणि मग 230 व्होल्टच्या विजेचें 12, 5 व 3.3 व्होल्टमध्यें रूपांतर करणारा एसएमपीएस तपासावा. पंखा फिरतो पण पडदा काळा, तर प्रथम पडद्याची वायर पाहावी. मग रॅमची पट्टी. अक्षरें उमटतात पण तारीख भलतीच दिसते, तर आंतील बटणासारखा सेल संपला असावा. डिस्क सांपडत नाहीं अशी तक्रार आली, तर तिच्या वायरीकडे वळावें. कार्यप्रणालीचें बोधचिन्ह दिसून यंत्र पुन्हां पुन्हां मागें फिरत असेल, तरच बहुधा दोष आज्ञावलींत आहे असें समजावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हां सुरू करून पाहावें. दोन बदलल्या तर कोणत्या उपायानें गुण आला हें कळत नाहीं.

आतां त्या विद्यार्थिनीकडे परत जाऊं. पंखा फिरत आहे, पडदा काळा आहे. अशा वेळीं शेजारचा एखादा उत्साही गृहस्थ म्हणतो, "डिस्क पुसून सगळें नव्यानें भरूं या." हा शेवटच्या पायरीवरचा उपाय झाला, दोष तर पहिल्या पायऱ्यांवरचा आहे! तिनें महिनाभर केलेलें काम पुसलें जाईल, आणि पडदा काळाच राहील. याउलट जाणता शिक्षक वीज बंद करून प्लग काढतो, रॅमची पट्टी सोडवितो, तिच्या सोनेरी कडेवर साधा खोडरबर हलकेच फिरवितो, आणि ती खट्‌ असा आवाज येईतों घट्ट बसवितो. आपल्याकडील धूळ आणि दमट हवा यांमुळें त्या कडेवर थर जमतो, आणि पुष्कळदां सारा अडसर तेवढाच असतो.

हा क्रम मोठमोठ्यांनाही सुटलेला नाहीं. 19 जुलै 2024 रोजीं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष बदलामुळें जगांतील सुमारें 85 लाख संगणक सुरू होतांहोतांच निळ्या पडद्यावर अडले. विमानें खोळंबलीं, आपल्या देशांतही कांहीं प्रवाशांना हातानें लिहिलेलीं प्रवेशपत्रें द्यावीं लागलीं. उपाय काय निघाला? यंत्र सुरक्षित अवस्थेंत सुरू करावयाचें, आणि ती एकच सदोष फाईल काढून टाकावयाची. बहुतेक ठिकाणीं माणसाला एकेका यंत्रापुढें बसूनच हें करावें लागलें. कोणीं डिस्का पुसावयास घेतल्या असत्या, तर अनर्थ शतपट झाला असता.

श्रोतेहो, आज घरोघरच्या संगणकांत मुलांचा अभ्यास असतो, हिशेब असतात, गेलेल्या माणसांचीं छायाचित्रें असतात. त्यांची एक प्रत निराळी ठेवावी. आणि यंत्र अडलेंच, तर पुसण्याचा उपाय अगदीं अखेरीस योजावा. गंगापूरच्या त्या मुलीला तिच्या शिक्षकानें दिलेलें उत्तर आपणही आपल्या घरीं देऊं शकूं: "नाहीं बाळ, तुझ्या हातून कांहीं बिघडलेलें नाहीं. यंत्र कोठपर्यंत आलें आहे, तें आधीं आपण दोघें मिळून पाहूं."