दार उघडले, पुढे काय?

दलित पँथर हे नाव आपल्या ओळखीचे. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या या संघटनेने ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्या नावाचा माग काढत मी गेलो तो थेट एका कम्युनिटी कॉलेजच्या दारात पोचलो. ओकलंड शहरातले मेरिट कॉलेज.

कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा आराखडा केला. शाळेतल्या वरच्या साडेबारा टक्के मुलांना विद्यापीठ, वरच्या एक तृतीयांश मुलांना राज्य महाविद्यालये आणि बाकी सगळ्यांना कम्युनिटी कॉलेज. दार सर्वांना खुले! ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांची भेट मेरिटमध्येच झाली. आत आल्यावर या मुलांनी विचारले, पुस्तकात आम्ही कुठे आहोत? कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवा, ही मागणी तिथे जोर धरू लागली. पुढे १९६६च्या ऑक्टोबरात त्या दोघांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. त्याच्या दहा कलमी कार्यक्रमातही खऱ्या इतिहासाच्या शिक्षणाची मागणी होतीच.

प्रवेश मिळूनही भेद उरतो तो असा. याच राज्यात कच्चे ठरवलेले विद्यार्थी वर्षानुवर्षे पूर्वतयारीच्या वर्गांत अडकत. पदवीसाठी त्या वर्गांचे श्रेयांक धरले जात नसत. त्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांचे प्रमाण मोठे असे, आणि कित्येक जण तिथूनच शिक्षण सोडत. त्याला आवर घालणारा कायदा झाला २०१७ साली.

प्रवेशाची यादी पाहून समाधान मानण्याची सवय आपल्यालाही आहे. मला वाटते, यादी पाहायची ती बाहेर पडणाऱ्यांची.