स्कूटरचा हिशेब: नंबर, पंप आणि प्लग

बुलढाणा जिल्ह्यात कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली की बघणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न आपल्या इतका अंगवळणी पडलाय की तो कायमच विचारला जात असावा असं वाटतं. तसं नाही. पन्नास वर्षांपूर्वी लोक विचारायचे, ‘नंबर कधी लावला होता?’ आणि आता तिसराच प्रश्न आलाय, ‘एका चार्जिंगमध्ये किती जाते?’ स्कूटर परवडते की नाही, याचा मराठी मुलखातला इतिहास या तीन प्रश्नांमध्ये आहे.

सुरुवात नंबरापासून करू. इटलीच्या पियाज्जोने १९४६ मध्ये व्हेस्पा काढली. १९६०च्या दशकात बजाज ऑटोने तिच्या परवान्यावर पुण्याजवळ आकुर्डीला स्कूटर बनवल्या. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये बजाजची स्वतःच्या नावाची चेतक आली. पण गाडी आली म्हणजे मिळाली असं नव्हतं. १९५१च्या उद्योग कायद्यानुसार कारखान्याने किती माल काढायचा हे सरकारी परवाना ठरवायचा. मागणी वाढली तरी उत्पादन आपल्या मर्जीने वाढवता येत नसे. त्यामुळे बुकिंग करून लोक वर्षानुवर्षं थांबायचे, काही काळ तर ही प्रतीक्षा दहा वर्षांपर्यंत गेली. परदेशातून डॉलर पाठवणारा नातेवाईक असेल तर नंबर लवकर लागायचा. ज्याचा नंबर लागला, तो गाडी वर पैसे घेऊन विकूही शकत होता. राज्य सरकारचं महामंडळ आणि बजाज यांनी मिळून १९७५ मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स काढली, तिथून ‘प्रिया’ आली, तरी रांग हटली नाही.

म्हणजे त्या काळी शोरूमच्या पाटीवर लिहिलेली किंमत ही खरी किंमत नव्हतीच. खरी किंमत वाट पाहण्यात जायची, आणि ती ज्याच्याकडे ओळख किंवा डॉलर नाहीत त्यालाच जास्त पडायची.

त्याच १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना आणली. इंजिन ५० सीसीचं आणि सोबत सायकलसारखे पेडल. पेट्रोल संपलं तर पाय मारत घरी जाता यायचं. पंप लांब असलेल्या गावांसाठी यापेक्षा मोठी सोय कुठली? इंधन संपल्यावर काय करायचं, याचं उत्तर गाडीतच दिलेलं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो परत येणार आहे.

दुसरा प्रश्न ॲव्हरेजचा. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि एका लिटरमध्ये ८० किलोमीटरच्या गोष्टी सुरू झाल्या. १९९१ नंतर परवान्यांची पकड सुटली, रांगा संपल्या. आता गाडी लगेच मिळत होती, पण पेट्रोल रोज लागत होतं. बुलढाणा, चिखली, मेहकर या मोठ्या गावांना रेल्वे नाही. रेल्वे घाटाखाली, मलकापूर-नांदुरा-शेगाव पट्ट्यात. घाटावरच्या माणसाला एसटी सोडली तर दुचाकीच. खराब रस्त्यावर मोठ्या चाकांची, कमी पेट्रोल पिणारी मोटरसायकल सरस ठरली. २००९ मध्ये बजाजने स्कूटरचं उत्पादनच थांबवायचं ठरवलं. पुढच्याच वर्षी, जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रात पेट्रोलने शंभरी ओलांडली.

या मधल्या काळात इलेक्ट्रिक स्कूटर एकदा येऊन गेली होती, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. २००७च्या आसपास शिसे-आम्ल बॅटरीच्या हलक्या स्कूटर बाजारात आल्या. वेग ताशी २५ किलोमीटर, लायसन्सची गरज नाही. पण बॅटरी दोनेक वर्षांत थकायची आणि नवी घ्यायची म्हणजे मोठा खर्च. त्यात ती लोडशेडिंगची वर्षं. ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे अनेक तास वीज नसायची. शेगावपासून जवळच, अकोला जिल्ह्यातल्या पारसला औष्णिक वीज केंद्र, पण आजूबाजूची गावं अंधारात. अशा ठिकाणी विजेवर चालणारी गाडी घेणार कोण? केंद्राचं अनुदान मार्च २०१२ मध्ये थांबलं आणि विक्री कोसळली. तंत्रज्ञान कच्चं होतं हे खरं, पण प्लगमध्ये वीज नव्हती हेही तितकंच खरं.

दुसऱ्यांदा ती आली लिथियम बॅटरी घेऊन. ऑक्टोबर २०१९ मध्ये बजाजने चेतक हेच नाव इलेक्ट्रिक स्कूटरला दिलं आणि जानेवारी २०२० मध्ये पुणे-बंगळुरूत विक्री सुरू केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये लूनाही विजेवर परतली.

आता आकडेमोड करू. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि ॲव्हरेज ४५ धरलं, तर किलोमीटरला साधारण २ रुपये ३३ पैसे पडतात. इलेक्ट्रिक स्कूटरला चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला ०.०४ युनिट आणि युनिटला १२ रुपये धरले, तर ४८ पैसे. म्हणजे किलोमीटरमागे सुमारे १ रुपया ८५ पैसे वाचतात. समजा इलेक्ट्रिक गाडी २५ हजारांनी महाग आहे. गावातल्या गावात रोज ६ किलोमीटर फिरणाऱ्याचे वर्षाच्या ३०० दिवसांत ३,३०० रुपये वाचतील, फरक भरून निघायला साडेसात वर्षं लागतील. तोवर बॅटरीची तीन वर्षं किंवा ५०,००० किलोमीटरची वॉरंटी कधीच संपलेली असेल. आणि चिखलीहून बुलढाण्याला रोज नोकरीला जाणारा, येऊन-जाऊन ५० किलोमीटर चालवणारा? त्याचे वर्षाला २७ हजारांहून जास्त वाचतात. एका वर्षात फरक वसूल.

‘पण घाटात बॅटरी उतरते ना?’ हाही हिशेब करता येतो. दोन माणसं आणि गाडी मिळून २५० किलो, चढण ३०० मीटर. एवढं वजन वर न्यायला मोटरची गळती धरून सुमारे पाव युनिट वीज लागते. म्हणजे सपाटीवरच्या रेंजमधून आठ-नऊ किलोमीटर कमी. राजूर घाटाची भीती वाटते तेवढी मोठी नाही. अडचण दुसरीकडे आहे. गावात घर असेल तर रात्री चार्जिंग होतं. पण शेतात वस्ती असेल, वीज शेतीच्या फीडरवरून येत असेल, तर ती पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. जुन्या चेतकचा प्लग साफ करायला कुठलाही फाट्यावरचा मेकॅनिक पुरायचा. इलेक्ट्रिक गाडीचा कंट्रोलर बिघडला तर कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. संग्रामपूर किंवा लोणारच्या माणसाला सर्व्हिस सेंटर किती लांब, हाही किमतीचाच भाग आहे. आणि इथे लूनासारखे पेडलही नाहीत.

आता अनुदानाकडे बघा. जून २०२१ मध्ये केंद्राने बॅटरीच्या प्रत्येक किलोवॉट-तासामागे १५,००० रुपये दिले, जून २०२३ मध्ये ते १०,००० झाले, ऑक्टोबर २०२४च्या नव्या योजनेत ५,०००. रक्कम घटत गेली, पण मोजमाप तेच राहिलं, बॅटरी केवढी. गाडी रोज ६ किलोमीटर चालणार की ५०, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. शहरात घरापुढे मोठ्या बॅटरीची स्कूटर हौसेने उभी करणाऱ्याला पैसे मिळाले आणि रोज घाट चढणाऱ्यालाही तेवढेच. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे ज्याच्या हातात सुरुवातीला पैसे कमी, तो पुन्हा पेट्रोलकडेच वळणार.

इथे नंबराच्या काळाची आठवण होते. तेव्हाही गाडीची सगळ्यात जास्त गरज असलेला माणूस रांगेत मागे होता. आज रांग नाही, पण ज्याचं पेट्रोल सगळ्यात जास्त जळतं त्यालाच २५ हजार आधी जमवता येत नाहीत, आणि म्हणून तो दर महिन्याला थोडे थोडे करून त्याहून जास्त भरत राहतो. इलेक्ट्रिक स्कूटर महाग की स्वस्त, हा वाद त्याच्यासाठी वरवरचा आहे. त्याला सोपं कर्ज, जवळचा दुरुस्तीवाला आणि भरवशाची वीज हवी.

तेव्हा गाडी घेताना ॲव्हरेज आणि रेंज नंतर विचारा. आधी वहीत महिनाभर लिहून काढा, आपण रोज किती किलोमीटर जातो. तीसच्या वर आकडा आला आणि रात्री घरात वीज असली, तर उत्तर तुमच्या हातातच आहे.