संवाद, पुणे येथील (1983)

संवाद, पुणे येथील (1983) : पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे अभ्यासक आणि संस्कृतातून शास्त्राध्ययन केलेले पंडित यांच्यातील विचारसभा. मे. पुं. रेगे (1924–2000) आणि दया कृष्ण हे तिचे प्रमुख सूत्रधार. परंपरेची मते नुसती सांगणे म्हणजे तत्त्वचिंतन नव्हे. प्रश्न स्वतः हाती घेऊन आक्षेप-समाधानांतून तो पुढे नेला पाहिजे, ही यामागील भूमिका.

चर्चेसाठी बर्ट्रंड रसेल यांचा विधानविषयक सिद्धान्त निवडला गेला व तो संस्कृतातून पंडितांपुढे ठेवण्यात आला. ‘पाऊस पडत आहे’ असे दोघांना वाटले, तर दोघांना समान असलेला आणि खरा-खोटा ठरणारा आशय कोणता, असा या सिद्धान्तामागील प्रश्न आहे. यावर न्यायदर्शनाच्या मतानुसार उत्तर असे : खरे-खोटेपणा हा ज्ञानाचा धर्म आहे. दोघांची ज्ञाने भिन्न, विषय मात्र एकच. म्हणून समान आशयासाठी ज्ञानाहून वेगळे, स्वतंत्र ‘विधान’ मानण्याचे कारण उरत नाही. अशा उत्तरामुळे मूळ सिद्धान्ताची गृहीतकेही तपासली जातात.

परक्या परंपरेतील विचार आपल्या भाषेत आणण्याचे असे प्रयत्न जुने आहेत. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक व त्याच्या सहकाऱ्यांनी ग्रीक ग्रंथ अरबीत आणले, तर अल्-किंदीने त्या विचारांच्या आधारे अरबीत स्वतंत्र लेखन केले. मराठीत दे. द. वाडेकर यांनी संपादिलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश (3 खंड, 1974) याच स्वरूपाचा प्रयत्न होय.

पुण्यातील चर्चेवर आधारित संवाद हा इंग्रजी ग्रंथ 1991 मध्ये प्रसिद्ध झाला.