मोहन पार्कचे ठराव आणि विद्यापीठातले 'सक्षमीकरण'

'महिला सक्षमीकरण' नावाच्या प्रशिक्षणांना आम्ही किती वेळा बसलो आणि किती वेळा ती स्वतः घेतली, याचा हिशेब राहिलेला नाही. महाविद्यालय असो, विद्यापीठाचा विभाग असो की सरकारी योजना, साचा एकच. दीपप्रज्वलन, निर्णयक्षमता, बचत गट, शेवटी चहा आणि प्रमाणपत्र. दोन वर्षांपूर्वी उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत असेच सत्र चालू होते. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ मॅडम सांगत होत्या की भारतीय स्त्री आता कुठे आपले प्रश्न मांडायला शिकते आहे. मागच्या रांगेतून एक आजी म्हणाल्या, "माही माय मोहन पार्कात गेली होती." मॅडमना काही कळले नाही. खरे सांगायचे तर तिथे असलेल्या आपल्या तरुण कार्यकर्त्यांपैकी निम्म्यांनाही कळले नाही. म्हणून हा लेख.

२० जुलै १९४२. नागपूरच्या मोहन पार्कात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. आदल्या दोन दिवसांत इथेच शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा निर्णय झाला होता. महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब स्वतः हजर होते आणि २० ते २५ हजार बाया समोर बसल्या होत्या. समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, हे बाबासाहेब बोलले ते याच परिषदेत. ते वाक्य आज प्रत्येक बॅनरवर आहे. त्या दिवशी बायांनी काय मागितले, ते मात्र कुठल्याच बॅनरवर नाही.

त्यांनी घटस्फोटाचा हक्क मागितला. काडीमोडाची चाल आपल्याकडे होतीच. पण बायांनी ती पंचांच्या मर्जीवर न ठेवता कायद्यात मागितली. बहुपत्नीत्व बंद करा म्हणाल्या. गिरणी, विडी, नगरपालिका आणि रेल्वेतल्या कामगार स्त्रियांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, दुखापतीला भरपाई, २० वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा किमान १५ रुपये पेन्शन मागितली. गिरणीत बायांवर देखरेख करायला बाईच असावी, असाही ठराव होता. ज्यांनी गिरणीत काम केले आहे त्यांना त्याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. कायदेमंडळात प्रतिनिधित्व हवे, मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहे हवीत, हेही होते.

हे ठराव पुन्हा एकदा सावकाश वाचा. समाजशास्त्राच्या वर्गात 'समस्या निश्चिती' आणि 'धोरणात्मक शिफारस' असे जे शिकवतात, ते यात रुपये आणि दिवसांच्या आकड्यांसह आहे. त्याच महिन्यात बाबासाहेबांकडे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले मजूर खाते आले. पुढे हिंदू कोड बिल रखडले म्हणून २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी मंत्रिपद सोडले. घटस्फोट आणि एकपत्नीत्व हिंदू विवाह कायद्यात आले १९५५ साली. मोहन पार्कातल्या बाया संसदेच्या १३ वर्षे पुढे होत्या.

त्या एवढ्या मोठ्या संख्येने स्वतंत्र परिषदेला का जमल्या, याचा एक धागा पाच वर्षे मागे जातो. १९३७ च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात झाले. स्त्रीहक्कांवर भाषणे झाली आणि जेवणाच्या वेळी अस्पृश्य स्त्रियांची पंगत वेगळी बसवली गेली. अपमान झालेल्यांत जाईबाई चौधरी होत्या. नागपूर-कामठी ओझी वाहणारी ही बाई शिकली आणि १९२२ साली तिने मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. नागपूर विद्यापीठ सुरू झाले त्याच्या पुढच्या वर्षी, १९२३ ला. १ जानेवारी १९३८ ला आपल्या बायांनी वेगळी सभा घेऊन त्या पंगतीचा निषेध केला. 'सगळ्या स्त्रियांचे दुःख एकच' हे वाक्य नागपुरात तेव्हाच निकालात निघाले होते. प्रशिक्षणाच्या पुस्तिकांमध्ये ते अजून छापले जाते.

आमच्या एम.ए.च्या दोन वर्षांत मोहन पार्क हे नाव वर्गात एकदाही निघाले नाही. जाईबाई तर नाहीच. आम्हाला ते कळले उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकातून. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात स्त्री अभ्यासाचे केंद्र १९७४ लाच निघाले होते. १९८० च्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाने इतरत्रही अशा केंद्रांना मदत सुरू केली. आणि १९८९ साली हे पुस्तक आले ते चळवळीतल्या दोन बायांनी घरोघर जाऊन, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेऊन लिहिलेले. पुढे शर्मिला रेगे यांच्यासारख्या प्राध्यापकांनी या लेखनाला विद्यापीठात जागा मिळवून दिली, हे मान्य केले पाहिजे.

काही मित्र म्हणतात, विद्यापीठ ब्राह्मणी आहे, सोडून द्या. आम्हाला हे पटत नाही. जात टिकते ती स्त्रीवरच्या बंधनांमुळे, सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही जात राखण्याचीच साधने आहेत, हे २५ वर्षांच्या बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात मांडले. वर्गातला निबंध होता तो. जागा कोणाची यापेक्षा तिथे बसून आपण काय विचारतो, याला महत्त्व आहे.

म्हणून आमचा रोख संशोधक मुलामुलींकडे आहे. बार्टीच्या फेलोशिपसाठी आपली पोरे आझाद मैदानावर बसली. लढून मिळवलेल्या त्या पैशातून 'बचत गटांचा महिलांच्या राहणीमानावरील प्रभाव' हाच विषय किती जण घेणार? मार्गदर्शकाला तो सोपा जातो, हे आम्हाला माहीत आहे. पण एकेक ठराव घेऊन बघा. आज घरकाम करणारीला किती दिवस रजा मिळते? सफाईचे काम ठेक्यावर गेल्यावर पेन्शनचे काय झाले? उत्तर नागपुरातल्या किती मुलींनी वसतिगृह नाही म्हणून शिक्षण सोडले? आणि दोष विद्यापीठालाच कशाला द्या, आपल्या विहारांत तरी २० जुलै किती ठिकाणी पाळला जातो?

१९४२ ला जी १५ वर्षांची होती, ती आज असलीच तर शंभरीच्या उंबरठ्यावर आहे. राहिल्या आहेत त्या तिच्या मुली. त्या आजींचे बोलणे आम्ही नंतर फोनवर रेकॉर्ड केले, ४० मिनिटे. माय कोणाबरोबर गेली, चालत गेली की टांग्याने, घरी पोरे कोणी सांभाळली, हे त्यांनी सांगितले. गिरणीतून सुटताना मायच्या हातात काय पडले, हे त्यांना आठवत नव्हते. थोरल्या बहिणीला माहीत असेल म्हणाल्या. बहीण कामठीला असते. या रविवारी तिकडे जायचे ठरले आहे.