उद्यानातील मूर्ती व पुतळे

गोंदियानजीकच्या नागरा येथील प्राचीन शिवमंदिरामुळे जुन्या पाषाणकामाचे मोल येथील समाजबांधवांस नव्याने सांगावयास नको. मात्र मूळ स्थानावरून हललेली मूर्ती वा पुतळा कोठे ठेवावा, हा प्रश्न निराळा होय. विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईस जाणाऱ्यांनी त्याचे एक उत्तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, अवश्य पाहावे.

१८७२ साली खुल्या झालेल्या या संग्रहालयाबाहेर एक पाषाणाचा हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरी बेटावरील; त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटास ‘एलिफंटा’ हे नाव दिले. १८१४ मध्ये त्याची मान व मस्तक गळून पडले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत आणखी फुटला आणि त्याचे तुकडे या उद्यानात आले. ते सांधून हत्ती पुन्हा उभा राहिला तो १९१४ मध्ये. मोडला म्हणूनच तो या देशात राहिला!

त्याच आवारात राज्यकर्त्यांचे पुतळेही आहेत. राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा १८७२ मध्ये थाटाने बसविला गेला; १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी त्यास डांबर फासले. ‘काळा घोडा’ म्हणून प्रसिद्ध असलेला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये चौकातून हलवून येथे आणला गेला. स्वतंत्र देशास हे पुतळे चौकात नको होते, पण ते फोडून टाकले नाहीत, हे शहाणपणाचेच झाले. उघड्यावरच्या वास्तव्याची किंमत मात्र मोजावी लागते. ब्राँझ व काळा पाषाण पाऊस सोसतात. संगमरवर हळूहळू झिजतो.

जैन समाजास हा विषय विशेष जवळचा आहे. खंडित प्रतिमा सहसा पूजेत ठेवीत नाहीत. तेव्हा संग्रहालय हाच तिचा आश्रय. अकोला जिल्ह्यातील राजनापूर-खिनखिनी येथील जैन धातुप्रतिमा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात छताखाली सुरक्षित आहेत. पाषाणप्रतिमा पुष्कळदा बागेत मांडल्या जातात. तीर्थंकरांची मुद्रा व आसन बहुधा सारखेच असते. कोणते तीर्थंकर हे कळते ते पादपीठावरील लांछनावरून. ओल व चिखल प्रथम पोहोचतो तोही तेथेच. शिवाय मूर्ती पक्की बसावी म्हणून पादपीठ सिमेंटमध्ये रोवले, की लांछन व शिलालेख दोन्ही झाकले जातात. मग खांद्यावरील जटांमुळे ऋषभनाथ आणि नागफणांमुळे पार्श्वनाथ व सुपार्श्वनाथ तेवढे ओळखू येतात. इतर बहुतेकांच्या फलकावर केवळ ‘तीर्थंकर’ एवढेच लिहावे लागते.