चहा कोणी ‘शोधला’?

क्रेम ब्रूले, म्हणजे वर साखर जाळलेलं फ्रेंच कस्टर्ड. १६९१ साली फ्रान्स्वा मासियालोच्या पाकग्रंथात त्याची कृती छापली गेली. त्याच्या दूध-सायीत आसामची पत्ती मुरवून गाळायची, अशी एक आजची कृती मी मराठीत आणते आहे. तिच्या प्रस्तावनेत म्हटलंय: १८२३ साली रॉबर्ट ब्रूसने आसामात चहा ‘शोधला’. पण ब्रूसला चहाचा ठावठिकाणा सिंगफो प्रमुख बिसा गामकडून लागला. सिंगफो पानं भाजून, बांबूच्या नळीत ठासून धुरावर ठेवतात. त्या चहाला फालाप म्हणतात. माझ्या मराठीत म्हणून क्रियापद वेगळं आहे: ब्रूसला चहा ‘दाखवला गेला’. कस्टर्डची चव तीच राहील. श्रेय मात्र ज्याचं त्याला मिळेल.