मोटर ड्रायव्हरची प्रवाहक्षमता

मोटर ड्रायव्हरमधून सुरक्षितपणे वाहू शकणाऱ्या कमाल विद्युतप्रवाहास मोटर ड्रायव्हरची प्रवाहक्षमता असे म्हणतात. ती अँपिअरमध्ये दर्शवतात. मायक्रोकंट्रोलरच्या पिनची प्रवाहमर्यादा हिच्याहून वेगळी असून जोडणीपूर्वी दोन्हींचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

पिनची मर्यादा

मायक्रोकंट्रोलरची पिन ड्रायव्हरला केवळ संकेत पुरवते. मोटरचा प्रवाह वेगळ्या वीजस्रोतातून ड्रायव्हरमार्फत वाहतो. अर्दुइनो उनो या फलकावरील एटीमेगा३२८पी या चिपच्या प्रत्येक पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे. लहान मोटरही याहून अधिक प्रवाह घेत असल्याने ती पिनला थेट जोडत नाहीत. याउलट एल२९८ या ड्रायव्हरचा इनपुट संकेतासाठी जास्तीत जास्त १०० मायक्रोअँपिअर प्रवाह घेतो. त्यामुळे ड्रायव्हरवर २ अँपिअर असे लिहिलेले असले, तरी पिनला धोका नसतो. हा आकडा क्षमता दर्शवतो. प्रत्यक्ष प्रवाह मोटरवरील भारानुसार ठरतो.

सतत व शिखर प्रवाह

उत्पादक सहसा दोन आकडे देतात. सतत प्रवाह दीर्घकाळ, तर शिखर प्रवाह क्षणभरच सहन होतो. प्रत्येक मोटरसाठी हे आकडे पुढीलप्रमाणे आहेत:

• एल२९३डी – सतत ०.६ अँपिअर, शिखर १.२ अँपिअर
• एल२९८ – सतत २ अँपिअर, शिखर ३ अँपिअर
• टीबी६६१२एफएनजी – सरासरी १.२ अँपिअर, शिखर ३.२ अँपिअर

ड्रायव्हरची निवड

फिरत्या मोटरमध्ये लावलेल्या विभवांतरास विरोध करणारे विभवांतर निर्माण होते व प्रवाह मर्यादित राहतो. मोटर सुरू होताना किंवा अडकल्यास हा विरोध नसतो. प्रवाह केवळ वेटोळ्याच्या रोधावर अवलंबून असतो. उदाहरणार्थ, ४ ओहम रोधाची मोटर ६ व्होल्टवर अडकल्यास १.५ अँपिअर प्रवाह घेते. मुक्तपणे फिरताना तिचा प्रवाह कितीही कमी असला, तरी एल२९३डी तिच्यासाठी अपुरा ठरतो.

एल२९८ हा प्रवाह पेलतो; मात्र १ अँपिअर प्रवाहास त्यात १.८ ते ३.२ व्होल्ट विभवांतर खर्ची पडते. तेवढे विभवांतर मोटरला कमी मिळते आणि ती ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. उष्णता बाहेर टाकण्याची सोय नसल्यास प्रत्यक्ष क्षमता छापील आकड्याहून कमी भरते. मॉसफेटवर आधारित टीबी६६१२एफएनजीमध्ये ही घट बरीच कमी असते.

जोडणीतील दक्षता

• वीजस्रोत वेगळे असले, तरी मायक्रोकंट्रोलर व ड्रायव्हर यांचे ग्राउंड एकत्र जोडावे लागते.
• एल२९८ला संरक्षक डायोड बाहेरून जोडावे लागतात. एल२९३डीमध्ये ते अंतर्भूत असतात.